समीकरण संतुलित होत नाही? आकडे बदलण्याआधी सूत्र तपासा

जून सरून दहावीचा विज्ञानाचा पहिला भाग जरा पुढे सरकला की माझ्याकडे एक तक्रार ठरलेली येते. "ताई, ऑक्सिजन जुळवला की हायड्रोजन बिघडतो, हायड्रोजन जुळवला की पुन्हा ऑक्सिजन." मी भांडुपला घरीच शिकवणी घेते. मुलं दर वर्षी नवी असतात, अडतात मात्र त्याच जागी. त्यांची समजूत अशी असते की आपल्याला हिशेब जमत नाही. खरं तर हिशेब पहिलीतल्या मुलालाही जमेल इतका सोपा असतो. घोटाळा त्याच्या आधी, सूत्र लिहितानाच झालेला असतो. म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलंय.

एक सोय आधी सांगते. इथे सूत्रं मी देवनागरीतच लिहिली आहेत. सूत्राला चिकटलेला आकडा म्हणजे पादांक, आणि सूत्राच्या आधी सुटा लिहिलेला आकडा म्हणजे सहगुणक. वहीत तुम्ही नेहमीची चिन्हं वापरा.

सगळं जुळतंय, तरी बाईंनी फुली मारली

परवा एक मुलगी वही घेऊन आली. खोडरबराने घासून घासून पान इतकं विरलं होतं की मागच्या पानावरची अक्षरं दिसत होती. प्रश्न साधाच होता: अ‍ॅल्युमिनिअमवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं तर काय होतं? तिने लिहिलं होतं:

२ एएल + २ एचसीएल → २ एएलसीएल + एच२

खाली तिने तक्ताही केला होता. अ‍ॅल्युमिनिअम डावीकडे दोन, उजवीकडे दोन. हायड्रोजन दोन, दोन. क्लोरीन दोन, दोन. प्रत्येकापुढे बरोबरची खूण. तरीही शाळेत लाल फुली मिळाली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "ताई, सगळं जुळतंय ना? मग चुकलं कुठे?"

मोजणी खरंच बिनचूक होती. चूक होती ती 'एएलसीएल' या एका शब्दात. अ‍ॅल्युमिनिअमची संयुजा ३, क्लोरीनची १ (संयुजा म्हणजे एक अणू किती बंध जोडू शकतो तो आकडा). म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमच्या एका अणूला तीन क्लोरीन लागणार, आणि क्षार होणार एएलसीएल३. ते सुधारलं की समीकरण असं होतं:

२ एएल + ६ एचसीएल → २ एएलसीएल३ + ३ एच२

अ‍ॅल्युमिनिअम २, हायड्रोजन ६, क्लोरीन ६, दोन्ही बाजूंना. तिला तिथल्या तिथे समजलं. चुकीचं सूत्रही कधी कधी छान जुळून जातं, आणि त्या वेळी तक्ता आपल्याला सावध करत नाही. म्हणून तक्त्यातल्या खुणा बघून निश्चिंत होऊ नका.

आकडे नुसते वाढतच जातात

हा त्याच चुकीचा दुसरा चेहरा आहे, आणि मुलांचा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. धुण्याचा सोडा आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या. घाईत एखाद्याने असं लिहिलं:

एनएसीओ३ + एचसीएल → एनएसीएल + सीओ२ + एच२ओ

सोडिअम जुळतं, कार्बन जुळतो, क्लोरीन जुळतो, ऑक्सिजनही तीनला तीन. फक्त हायड्रोजन डावीकडे एक, उजवीकडे दोन. मग एचसीएलपुढे २ घातला. आता क्लोरीन दोन झाला, म्हणून मिठापुढे २. आता सोडिअम दोन, म्हणून सोड्यापुढे २. आता कार्बन दोन, म्हणून सीओ२पुढे २. आता ऑक्सिजन डावीकडे सहा, उजवीकडे पाच. तो जुळवायला पाण्यापुढे २ घातला की हायड्रोजन परत बिघडला. आणि आपण निघालो तिथेच परत आलो, फक्त सगळे आकडे दुप्पट झालेत.

हे समीकरण रात्रभर बसलात तरी जुळणार नाही, कारण ते जुळूच शकत नाही. सोडिअमची संयुजा १, कार्बोनेटची २, तेव्हा सोड्याचं सूत्र एनए२सीओ३. तेवढा एक पादांक जागेवर आला की:

एनए२सीओ३ + २ एचसीएल → २ एनएसीएल + सीओ२ + एच२ओ

एकच २ आम्लापुढे, एक मिठापुढे. संपलं.

माझ्या शिकवणीत म्हणून एक नियम आहे. दोन फेऱ्या झाल्या आणि आकडे वाढतच चालले, तर पेन्सिल खाली ठेवायची आणि प्रत्येक सूत्र संयुजेवरून नव्याने लिहायचं. संयुजा तिरक्या खाली उतरवण्याची नववीत शिकवलेली रीत इथे उपयोगी पडते. पाठ असाव्यात अशा थोड्याच आहेत: सोडिअम, पोटॅशिअम, चांदी, अमोनिअम, क्लोराइड, हायड्रॉक्साइड, नायट्रेट यांची १, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, झिंक, ऑक्साइड, कार्बोनेट, सल्फेट यांची २, अ‍ॅल्युमिनिअम आणि फॉस्फेट यांची ३. लोह दोन तोंडांनी बोलतं, फेरस म्हटलं तर २ आणि फेरिक म्हटलं तर ३, तेव्हा प्रश्नातला शब्द नीट वाचा. तांब्याचंही तसंच, क्युप्रस १ आणि क्युप्रिक २.

सुटी मूलद्रव्यं लिहितानाही हात घसरतो. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ही सात मूलद्रव्यं एकेकटी असली की जोडीने असतात. नुसतं 'ओ' लिहून समीकरण झटकन जुळतं, आणि म्हणूनच तो मोह होतो.

पादांकाला हात लावला

हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी: एच२ + ओ२ → एच२ओ. उजवीकडे एक ऑक्सिजन कमी. नवख्या मुलाचा हात सरळ पाण्याच्या 'ओ'खाली २ लिहायला जातो. एच२ + ओ२ → एच२ओ२. जुळलं!

इथे मी शिवणाचा डबा काढते. लाल मोठी बटणं ऑक्सिजनची, पांढरी छोटी हायड्रोजनची. मुलाला म्हणते, पाणी कर. तो एका लाल बटणाला दोन पांढरी लावतो. आता म्हणते, तू वहीत जे लिहिलंस ते कर. दोन लाल, दोन पांढरी. "हे पाणी आहे?" मूल बघत राहतं. हे हायड्रोजन पेरॉक्साइड आहे, औषधाच्या दुकानात जखम धुवायला बाटलीत मिळतं ते, आणि तेही पुष्कळ पाणी घालून पातळ केलेलं. पादांक बदलला की पदार्थच बदलतो. तू प्रश्न सोडवला नाहीस, प्रश्न बदललास.

मग बटणं परत डब्यात आणि सुरुवातीपासून. एक लाल जोडी घेतली. तिच्यातून पाणी करायचं तर लाल दोन सुटतात, म्हणजे दोन पाणी होणार, म्हणजे पांढरी चार हवीत, म्हणजे हायड्रोजनच्या जोड्या दोन. २ एच२ + ओ२ → २ एच२ओ. टेबलावर एकही बटण उरत नाही, एकही कमी पडत नाही. अठराव्या शतकात लव्हाझिएने बंद भांड्यात पदार्थ तापवून आधी आणि नंतर तराजूत तोलून जे दाखवलं, ते एवढंच. मुलांनी द्रव्य अक्षय्यतेचा नियम घोकलेला असतो. बटणं हातात घेतली की तो त्यांचा होतो.

कंस विसरला

चुन्याची निवळी म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइडचं द्रावण. सूत्र सीए(ओएच)२. कंस गाळून सीएओएच२ लिहिलं की ऑक्सिजन एकच मोजला जातो. ३ सीए(ओएच)२ मध्ये कॅल्शिअम ३, ऑक्सिजन ६, हायड्रोजन ६. बाहेरचा आकडा कंसातल्या प्रत्येकाला लागतो आणि पुढचा सहगुणक सगळ्यांना.

मूलक, म्हणजे सल्फेटसारखा एकत्र राहणारा अणूंचा गट, दोन्ही बाजूंना जसाच्या तसा राहत असेल तर त्याला फोडू नका, अख्खा मोजा. अ‍ॅल्युमिनिअम सल्फेट आणि कॅल्शिअम हायड्रॉक्साइडचं समीकरण घ्या:

एएल२(एसओ४)३ + ३ सीए(ओएच)२ → २ एएल(ओएच)३ + ३ सीएएसओ४

ऑक्सिजन मोजायला गेलात तर डावीकडे १२ अधिक ६, उजवीकडे ६ अधिक १२, आणि मधेच बोटं चुकतात. त्यापेक्षा सल्फेट ३ ला ३, हायड्रॉक्साइड ६ ला ६, एका नजरेत होतं. ही अभिक्रिया परकी नाही. पावसाळ्यात गढूळ पाण्यात आजी तुरटी फिरवते तेव्हा तिच्यातल्या अ‍ॅल्युमिनिअमचं असंच हायड्रॉक्साइड होतं. त्याचा लिबलिबीत साका मातीचे कण धरून तळाशी बसतो. आमच्या भांडुपला महापालिकेचं जलशुद्धीकरण केंद्र आहे. त्याच्या भिंतीशेजारून रोज शाळेत जाणाऱ्या मुलांना मी हे उदाहरण मुद्दाम देते.

सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली

सूत्रं बरोबर आहेत, कंस आहेत, तरी गोल फिरतंय? मग बहुधा ऑक्सिजनपासून सुरुवात झाली आहे. जे मूलद्रव्य प्रत्येक बाजूला एकाच पदार्थात आहे त्याने सुरुवात करा. जे सुटं उभं आहे ते शेवटी घ्या, कारण त्याचा आकडा बदलला तरी दुसरं कुणी बिघडत नाही.

ब्युटेन जळण्याचं उदाहरण बघा. घरच्या सिलिंडरमध्ये मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन असतात. सी४एच१० + ओ२ → सीओ२ + एच२ओ. आधी कार्बन: सीओ२पुढे ४. मग हायड्रोजन: पाण्यापुढे ५. आता उजवीकडचा ऑक्सिजन मोजा, ८ अधिक ५, तेरा. डावीकडे जोड्या आहेत आणि तेरा विषम. इथे मुलं घाबरून सगळं खोडतात. खोडू नका. ओ२पुढे बेधडक साडेसहा लिहा आणि मग सगळ्यांना दोनने गुणा:

२ सी४एच१० + १३ ओ२ → ८ सीओ२ + १० एच२ओ

या समीकरणावर मी जरा जास्तच थांबते, कारण ते आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. अणुवस्तुमानं कार्बन १२, हायड्रोजन १, ऑक्सिजन १६ धरली तर डावीकडे ११६ अधिक ४१६, म्हणजे ५३२. उजवीकडे ३५२ अधिक १८०, तेही ५३२. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. हिशेबासाठी तो सगळा ब्युटेन धरा. तो जाळायला सुमारे ५१ किलो ऑक्सिजन लागतो, आणि त्यातून सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २२ किलो पाण्याची वाफ निघते. मुलांना हे खरं वाटत नाही, त्यांना वाटतं गॅस जळून 'संपतो'. खोलीतल्या हवेतून ५१ किलो ऑक्सिजन त्या शेगडीने घेतलेला असतो.

आणि तो मिळाला नाही तर? हवा कमी पडली की समीकरणच बदलतं:

२ सी४एच१० + ९ ओ२ → ८ सीओ + १० एच२ओ

ऑक्सिजन आणखी कमी असेल तर:

२ सी४एच१० + ५ ओ२ → ८ सी + १० एच२ओ

शेवटचं समीकरण पातेल्याच्या बुडाला लागलेल्या काजळीचं. ते दिसतं तरी, बर्नर साफ करून घेता येतो. मधलं समीकरण कार्बन मोनॉक्साइडचं आहे. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद बाथरूममधल्या गॅस गीझरपाशी ते जीव घेऊ शकतं. तेरा आणि नऊ यांतला फरक वहीत चार रेणूंचा दिसतो. पावसाची झड येते म्हणून झडपेची खिडकी घट्ट लावणाऱ्या प्रत्येक घरात तो मुलांनी जाऊन सांगावा, असं मला मनापासून वाटतं.

दोन आणि तीनचं भांडण

एफई + ओ२ → एफई२ओ३. डावीकडे ऑक्सिजन दोनदोनने वाढतो, उजवीकडे तीनतीनने. लसावि ६. म्हणून ३ ओ२, २ एफई२ओ३, आणि लोह ४. अ‍ॅल्युमिनिअमचंही हुबेहूब असंच. (खिडकीच्या गजांवरच्या खऱ्या गंजात पाणीही असतं, पण परीक्षेत बहुधा एवढंच विचारतात.)

एकच मूलद्रव्य दोन घरांत विभागलं जातं

तांबं आणि विरल नायट्रिक आम्ल: सीयू + एचएनओ३ → सीयू(एनओ३)२ + एनओ + एच२ओ. इथे नायट्रेट अख्खा मोजायची युक्ती फसते, कारण काही नायट्रेट तसेच राहतात आणि काही मोडून एनओ होतात. अंदाजाने आकडे घालत बसलात तर पंधरा मिनिटं जातील. त्यापेक्षा इलेक्ट्रॉनची देवघेव बघा. तांब्याचा ऑक्सिडीकरण अंक (इलेक्ट्रॉन दिले-घेतले की बदलणारा आकडा) ० वरून +२ वर जातो, ते दोन इलेक्ट्रॉन देतं. मोडणारं नायट्रोजन +५ वरून +२ वर येतं, तीन घेतं. देणं-घेणं सारखं व्हायला तांबं ३ आणि एनओ २ हवेत. तीन तांब्यांबरोबर सहा नायट्रेट गेले, दोन एनओमध्ये, एकूण आम्ल ८. पाणी ४.

३ सीयू + ८ एचएनओ३ → ३ सीयू(एनओ३)२ + २ एनओ + ४ एच२ओ

आम्ल संहत असेल तर एनओऐवजी तपकिरी एनओ२ निघतो आणि आकडे १, ४, १, २, २ होतात. 'विरल' आणि 'संहत' हे शब्द प्रश्नात अधोरेखित करा.

माझं उत्तर जुळतंय, पण पुस्तकातलं वेगळं आहे

हे अकरावी-बारावीच्या मुलांसाठी. अशी शंका घेऊन येणारं मूल आधी खरंच हुशार असतं, त्याला 'तुझं चुकलं' एवढंच सांगून परत पाठवू नये. पोटॅशिअम परमँगनेट, सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचं समीकरण एकाने असं आणलं:

२ केएमएनओ४ + ३ एच२एसओ४ + एच२ओ२ → के२एसओ४ + २ एमएनएसओ४ + ४ एच२ओ + ३ ओ२

पुस्तकात पेरॉक्साइड ५, पाणी ८, ऑक्सिजन ५. दोन्ही मोजून बघा. पहिल्यात हायड्रोजन ८ ला ८, ऑक्सिजन २२ ला २२. पुस्तकातल्यात १६ ला १६, ३० ला ३०. दोन्ही जुळतात! कारण पेरॉक्साइड आपण होऊनही मोडतं, २ एच२ओ२ → २ एच२ओ + ओ२, आणि हे समीकरण कितीही वेळा मिसळलं तरी अणूंचा तक्ता तक्रार करत नाही.

मग खरं कुठलं? वायू झालेला ऑक्सिजन पेरॉक्साइडमधून येतो, पेरॉक्साइडच्या एका रेणूमागे एक ओ२. पहिल्या उत्तरात पेरॉक्साइड एक आणि ऑक्सिजन तीन, मग उरलेले दोन आले कुठून? इलेक्ट्रॉनचा हिशेबही तेच सांगतो. मँगनीज +७ वरून +२ वर येताना पाच घेतं, दोन मँगनीज दहा घेणार. पेरॉक्साइडचा रेणू दोनच देतो, म्हणून पाच रेणू. अणू जुळणं आवश्यक आहे, पण अशा समीकरणांत तेवढं पुरत नाही.

आयनांच्या (भार असलेल्या अणूंच्या) समीकरणातही हेच, फक्त तिथे पटकन कळतं. अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात बुडवली तर एकास एक लिहून अणू जुळतात, पण डावीकडे भार +२ आणि उजवीकडे +३. भारही जुळवायचा: दोन अ‍ॅल्युमिनिअम, तीन क्युप्रिक आयन, दोन्हीकडे +६.

उत्तर लिहून झाल्यावर

सगळे सहगुणक एकाच आकड्याने भागले जातात का ते बघा. चेंबूरच्या खत कारखान्यात जो अमोनिया बनतो त्याचं समीकरण कुणी २ एन२ + ६ एच२ → ४ एनएच३ असं लिहितं. अणू जुळतात, पण दोनने भागून १, ३, २ लिहा. अपूर्णांक ठेवू नका. बाणावर उष्णता किंवा उत्प्रेरक लिहायचा असेल तर आत्ताच लिहा, नंतर राहून जातो. आणि वेळ असेल तर एकदा वस्तुमानाची बेरीज करा. मॅग्नेशिअमची फीत जळते त्यात दोन मॅग्नेशिअम ४८, ऑक्सिजन ३२, आणि दोन एमजीओ ८०. बेरीज जुळली नाही तर मोजणीत कुठेतरी घसरलात. बेरीज जुळूनही मनात शंका असेल, तर परत वर जा आणि संयुजा बघा.